पत्र्याचा पंचनामा होतो, माणसाचा नाही

एप्रिल-मे उजाडला की अर्धापूर तालुक्याला वादळाची धास्ती लागते. केळीच्या बागा आडव्या होतात, घरांवरचे पत्रे उडून शेजारच्या रानात जाऊन पडतात. मग तलाठी येतात, कृषी सहायक येतात, फोटो निघतात, नुकसानीचा आकडा वर जातो. हे व्हायलाच पाहिजे. पण उडालेला पत्रा परत बसवायला जो माणूस शिडीवर चढतो, तो पडला तर? त्याचा पंचनामा फक्त पोलीस करतात आणि त्यात बहुतेक वेळा एवढंच येतं : पाय घसरून पडल्याने मृत्यू. सगळा दोष पायाला. दोर नव्हता, फळी नव्हती, वारा सुटला होता, पावसाच्या आत काम उरकायची घाई होती, यातलं काहीच कागदावर येत नाही.

पत्र्यावरून माणूस पडतो ते नशीब नसतं. वर चढण्याआधी त्याला दोर मिळाला नाही आणि पडल्यावर कागद मिळाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दोन्ही देणं ज्याने काम दिलं त्याच्याकडे लागतं.

मराठवाड्यात पत्र्याचं राज्य तसं फार जुनं नाही. आपल्याकडे माळवद होतं. त्यावर कुरडया वाळायच्या, उन्हाळ्यात माणसं झोपायची, वर चालताना कुणी जपून पाऊल टाकत नव्हतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने तो विश्वास मोडला. दगडी भिंती आणि वरचा मातीचा भार अंगावर येऊन हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर ज्याला स्लॅब परवडला त्याने स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रा. हळदीचं शेड पत्र्याचं, गोठा पत्र्याचा, रस्त्याकडेची दुकानं पत्र्याची, मंगल कार्यालयही पत्र्याचं. नांदेड-नागपूर रस्त्याने अर्धापुरात शिरताना नजर वर ठेवा, कुठे ना कुठे कैची उभी राहताना दिसेल. वरच्या माणसाच्या पायात चप्पल असेल, एका हातात ड्रिल असेल आणि दुसरा हात मोकळा असेल. तो मोकळा हात हीच त्याची सगळी सुरक्षा.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तो सगळ्यात जास्त फसवतो. खालून भक्कम दिसतो, वरून दगडासारखा दिसतो, आणि माणसाचं वजन घेण्यासाठी तो केलेलाच नसतो. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेला पत्रा बारीक चिरलेला असतो. वरून रंग मारला की चीर दिसेनाशी होते. गळती काढायला चढलेला माणूस मधोमध पाय देतो आणि पत्र्यासकट खालच्या फरशीवर येतो. जुने मिस्त्री सांगतात, बोल्टाची ओळ धरून चाल, तिच्याखाली अँगल आहे. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. तोल गेला की माणूस ओळ बघत नाही. निदान तीन अँगलांवर टेकेल अशी लांब, रुंद फळी टाकायची, तिच्यावरूनच चालायचं आणि दुसरी फळी पुढे सरकवत जायचं. वेळ जास्त लागतो, मान्य. बरेचदा काम खालून, परांचीवर उभं राहूनही होतं, आणि तसं होत असेल तर वर चढूच नये.

लोखंडी पत्र्याचं दुखणं वेगळं. तो तुटत नाही, निसटतो. दोन्ही टोकांना स्क्रू लागलेले नसताना त्यावर पाय ठेवला की पत्रा आणि माणूस दोघं सरकतात. सकाळी दंव असतं, भुरभुर पाऊस झाला की तो काचेसारखा होतो, आणि मे महिन्याच्या दुपारी तर हात टेकवत नाही. वारा आला की दहा-बारा फुटी पत्रा शीड होतो. त्या क्षणी तो सोडून द्यायचा असतो. पण माणूस सोडत नाही. का? पत्रा खाली पडून वाकला तर त्याचे पैसे हजेरीतून कापले जातील, ही भीती त्याच्या हातात असते. मालक आणि गुत्तेदाराने काम सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर एवढं सांगितलं की पत्रा गेला तरी चालेल, तू पहिले स्वतःला धर, तरी जीव वाचतील. याला एक रुपयाही लागत नाही.

आणि तार. शेडला लागून विजेची लाईन गेलेली असते, लांब अँगल उचलताना तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. महावितरणला सांगून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय तिथे हातच घालू नये.

आता बेल्ट. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या संचात हेल्मेट मिळतं, बूट मिळतात, अंगात घालायचा सेफ्टी बेल्टही मिळतो. तालुक्यात अनेकांकडे तो आहे आणि घरी पेटीत आहे. मजूर आळशी म्हणून तो पेटीत राहिला, असं म्हणणाऱ्याने एकदा वर चढून बघावं. गुत्तं फुटावर असतं. दिवसाला जितके फूट पत्रा बसेल तितके पैसे. दोर बांधायला, सोडायला, पुढे सरकून परत बांधायला जो वेळ जातो त्याची मजुरी कुणी धरलेली नसते. शिवाय बांधायचा कशाला, हेच ठरलेलं नसतं. दोर कैचीच्या मुख्य पाइपाला किंवा त्यासाठी मुद्दाम ताणलेल्या तारदोराला बांधायचा. पत्र्याला नाही, विटांच्या वरंडीलाही नाही. आपली शेडं बारा-चौदा फुटांची असतात, तिथे लांब दोर सोडला तर माणूस आधी जमिनीवर आदळतो आणि दोर नंतर ताणला जातो. म्हणून दोर आखूड हवा. नुसता कमरपट्टा नको, खांद्यावरून आणि मांड्यांतून येणारा पूर्ण बेल्ट हवा. आयएस ३५२१ हे मानक त्यावर छापलेलं असतं, घेताना बघून घ्या. असा बेल्ट दोन-चार पत्र्यांच्या किमतीत येतो. लाखभराच्या शेडमध्ये ही रक्कम दिसतसुद्धा नाही.

एवढं करूनही माणूस पडला, किंवा हे काहीच न केल्यामुळे पडला, तर पहिल्या तासात दोन चुका होतात. एक शरीराची. चार जण हातपाय धरून त्याला उचलतात आणि रिक्षात कोंबतात; पाठीचा मणका तिथेच कायमचा जातो. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत मान हलू देऊ नका. हलवणं भागच असेल तर दार किंवा फळी अंगाखाली सरकवून सरळ उचला.

दुसरी चूक कागदाची, आणि ती दवाखान्याच्या, मग तो सरकारी असो की खाजगी, अपघात विभागातल्या टेबलावर होते. डॉक्टर विचारतात, काय झालं? जखमी विव्हळत असतो, बायको रडत असते, आणि गुत्तेदाराचा माणूस चटकन पुढे होऊन सांगतो, “गाडीवरून पडला, साहेब.” केसपेपरवर तेच लिहिलं जातं. पोलिसांत गेलेल्या वर्दीतही तेच. त्या वाक्यासरशी कामही गेलं, गुत्तेदारही गेला, मालकही गेला. पुढे वकील कितीही चांगला मिळो, समोरचा पक्ष तो केसपेपर काढून दाखवतो. म्हणून घरच्या माणसाने तिथे आवाज चढवून सांगायचं : “अमक्याच्या शेडवर, कामावर असताना पडला.” तसंच लिहून घ्यायचं, एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर) नोंद झाली का विचारायचं, केसपेपरचा मोबाइलवर फोटो काढायचा. शेडचा, तुटलेल्या पत्र्याचा, शिडीचा फोटो त्याच दिवशी. सोबतच्या मजुरांचे नाव-नंबर त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी शेड पूर्ण झालेलं असतं आणि कुणालाच काही आठवत नसतं.

मग येते बैठक. गावातली चार वजनदार माणसं, स्टॅम्पपेपर, आणि “झालं ते झालं, लेकराबाळांकडे बघून घ्या” म्हणत पुढे केलेलं पाकीट. बायका-माणसं सही करतात, अंगठा देतात. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. कर्मचारी नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याचा गाभा सामाजिक सुरक्षा संहितेत आलेला आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार दोन्हींत रद्दबातल आहे. मृत्यू झाला असेल तर भरपाईची रक्कम हातात देऊन मालक मोकळा होत नाही. ती पूर्वी आयुक्तांकडे आणि आता सक्षम प्राधिकाऱ्याकडे भरावी लागते, आणि वारसांना तिथून मिळते.

रक्कम किती? मृत्यूसाठी महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घेऊन वयाप्रमाणे ठरलेल्या गुणांकाने गुणायचं. हिशोबासाठी मजुरीची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. तिशीच्या माणसाचा गुणांक २०७.९८. म्हणजे १५,५९,८५० रुपये. तोच माणूस जगला पण कायमचा पूर्ण अपंग झाला तर अर्ध्याऐवजी साठ टक्के धरतात : १८,७१,८२० रुपये. हे आकडे त्या बैठकीत कुणी मोठ्याने वाचून दाखवले तर पाकीट पुढे करणाऱ्याचा हात मागे जाईल. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळले तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड वेगळा.

“त्याचीच चूक होती” हेही ऐकवतात. मजुराचा हलगर्जीपणा हा या कायद्यात बचाव नाही. “पिऊन होता” म्हणतात. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर तोही बचाव चालत नाही. “रोजावरचा होता, आमचा माणूस नव्हता” म्हणतात. २००० सालच्या दुरुस्तीनंतर एक दिवसाच्या रोजावरचा माणूसही भरपाईला पात्र आहे. मालकाला लेखी सूचना लगेच द्यायची आणि दावा दोन वर्षांच्या आत लावायचा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. नांदेडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विधवेला मोफत वकील मिळतो, तिच्या उत्पन्नाची अट नाही.

एक भोक मात्र कायद्यातच आहे आणि ते मला खुपतं. सुरक्षेचे नियम जिथे बांधकामाला लागू होतात तिथून दहापेक्षा कमी कामगारांचं काम आणि स्वतःच्या राहत्या घराचं ५० लाखांपर्यंतचं बांधकाम कामाच्या सुरक्षेसंबंधीच्या नव्या संहितेने बाहेर काढलं आहे. बांधकाम कामगारांच्या जुन्या कायद्यात घरासाठी ही मर्यादा १० लाख होती. अर्धापूर, मालेगाव, लोणीकडच्या पत्र्याच्या कामावर तीन-चार माणसं असतात. म्हणजे जिथे माणसं पडतात तिथे तपासायला कुणी येणारच नाही.

उरतं कल्याणकारी मंडळ. नोंदणी चालू असलेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसांना ५ लाख, ७५ टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख. अट वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याच्या दाखल्याची. भांड्यांच्या संचासाठी रांगा लागतात तेव्हा ज्यांनी कधी वीट उचलली नाही त्यांच्याही हातात हा दाखला असतो, आणि वीस वर्षं पत्रे ठोकणारा माणूस “गुत्तेदार सही देत नाही” म्हणून बाहेर राहतो. ज्यांची नोंदणी होते त्यांचंही नूतनीकरण चुकतं. ज्याच्या घरी सातबारा आहे त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडणं धरलेलं आहे, २ लाख मिळतात, अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात द्यायचा. बँकेतला २० रुपयांचा वार्षिक सुरक्षा विमा आणखी २ लाखांचा. हे सगळं मजुराने एकट्याने जमवायचं, अशी आपली अपेक्षा आहे. ती चूक आहे.

४ एप्रिल २०२५ ला आपल्याच जिल्ह्यात आलेगाव शिवारात ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या सात शेतमजूर बाया गेल्या. मदत जाहीर झाली, मंत्र्यांचे शब्द आले, आणि ते योग्यच होतं. शेडवरचा माणूस एकेकटा जातो. त्याच्यासाठी कुणी काही जाहीर करत नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि अर्धापूर नगरपंचायतीला, तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीला उद्देशून आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जात दोन रकाने वाढवा : कामावरच्या मजुरांची नावं आणि त्यांचे मंडळाचे नोंदणी क्रमांक. ज्याची नोंदणी नाही त्याला खात्री करून ९० दिवसांचा दाखला तुम्ही द्या, तो अधिकार तुमच्याकडे आहे. पाच-सहा बेल्ट, दोर आणि लांब फळ्या कार्यालयात ठेवा, अनामत घेऊन गावातल्या मिस्त्रीला वापरायला द्या. येत्या वादळानंतर पंचनाम्याला निघणाऱ्या तलाठ्यासोबत ते सामान त्याच गाडीतून गावात जाऊ द्या, कारण दुसऱ्याच सकाळी माणसं शिड्या लावणार आहेत.