टोप आणि मुंडावळ्या

घानातल्या न्यायमूर्तींच्या डोक्यावर अजूनही घोड्याच्या केसांचा टोप दिसतो. साहेब 1957 साली मायदेशी गेला, जाताना टोप तेवढा विसरला. अक्राच्या उकाड्यात तो डोक्यावर वागवत न्याय करणे म्हणजे काही खायचे काम नाही. की आहे? 2015 साली कळले, की आहे.

अनस अरेमेयाव अनस नावाचा एक वार्ताहर दोन वर्षे छुपा कॅमेरा घेऊन कोर्टाकोर्टांतून फिरला. 34 न्यायाधीश चित्रफितीत सापडले, त्यातले 12 उच्च न्यायालयाचे. कुणी रोकड घेतली, कुणी बोकड. (यमक आपोआप जुळले, आमचा इलाज नाही.) शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड, पण इथे कुणी वातड म्हटल्याची कागदोपत्री नोंद नाही. एका न्यायमूर्तींची तक्रार वेगळीच होती. न्यायाधीशांवरच्या आरोपांची चौकशी बंद दाराआड व्हावी असे राज्यघटना सांगते, मग या वार्ताहराने गवगवा केलाच कसा? मुद्दा बिनतोड आहे. देणाऱ्याने गुपचूप दिले, घेणाऱ्याने गुपचूप घेतले, चव्हाट्यावर आणणाऱ्यानेच काय ती रीत मोडली.

हा अनस चारचौघांत येतो तो टोपीला मण्यांच्या माळा लावून. चेहराभर लोंबणाऱ्या त्या माळा पाहिल्या की आपल्याला वाटावे, बोहल्यावर चढायला निघाला आणि मुंडावळ्या जरा जास्तच झाल्या. तिथल्या पत्रकारांना एरवी चेहरा लपवायची गरज पडत नाही. पत्रकार परिषद संपली की पाकीट मिळते, त्याला तिकडे ‘सोली’ म्हणतात. ‘सॉलिडॅरिटी’चे लाडाचे नाव. आपल्याकडे नुसते पाकीटच म्हणतात, आपण भाषेला फार कोरडे.

2018 साली अनसने फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांना गाठले. क्वेसी न्यानताची यांना 65 हजार डॉलर घेऊन प्लास्टिकच्या पिशवीत भरताना लोकांनी पडद्यावर पाहिले. खटला उभा राहिला, तेव्हा न्यायालयाने विचारले, साक्षीदार कुठाय? अनस म्हणाला, येतो, पण मुंडावळ्यांसकट. न्यायालय म्हणाले, चेहरा उघडा करून या. तो काही आला नाही आणि खटला बारगळला. पिशवी साऱ्या देशाने पाहिली होती, पण देश साक्षीला बोलावता येत नाही.

केनेडी अग्यापोंग या खासदारांनी अनसवर नाही नाही ते आरोप केले, तेव्हा अनसनेच बदनामीचा दावा लावला. 2023 साली अक्राच्या उच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्यायमूर्तींच्या मते अनस करतो ती शोधपत्रकारिता नव्हे, तो शोधदहशतवाद. बोकडाला मत विचारले असते तर त्याने खाटकालाच दहशतवादी म्हटले असते, पण बोकडाला टोप नसतो.

आता चेहऱ्याचे. अहमद सुआले हा अनसचा सहकारी. फुटबॉलची चित्रफीत गाजत असतानाच याच खासदारांनी आपल्या मालकीच्या वाहिनीवर त्याचे फोटो दाखवले. तो राहतो कुठे ते सांगितले, दिसला की ठोका म्हणाले, पैसेही देऊ केले. पुढे जे घडले त्याच्याशी आपला काही संबंध नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

16 जानेवारी 2019 च्या रात्री अहमद अक्राच्या मदिना भागात गाडी चालवत होता. मोटारसायकलवरून दोघे आले. तीन गोळ्या घातल्या, दोन छातीत, एक मानेत. त्याच्या चेहऱ्यावर मण्यांच्या माळा नव्हत्या.