डबल बेल

माझे साताऱ्याचे मामा यष्टीत कंडक्टर होते. सातारा-सांगली रस्त्यावर उंब्रज, कराड, इस्लामपूर, आष्टा असं ओरडण्यात उमेद गेली, त्यामुळं साधं "चहा घे" म्हणायचं असलं तरी ते मागच्या शिटापर्यंत ऐकू जातं. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. २००७ ला निवृत्त झाले, तिकिटांचा ट्रे आणि चिमटा डेपोत जमा केला आणि हाताला चैन पडेना म्हणून अडकित्ता धरला. सुपारी बेताचीच खातात, वाजवतात जास्त. मुद्दा पटवायचा असला की एकदा कट्. विषय संपला की दोनदा. डबल बेल.

कुठल्याही गोष्टीची पहिली खेप चांगली, हा मामांचा धर्म. निमआराम गाडी आली तेव्हा "लाल गाडीची सर न्हाय" म्हणाले. २०१७ ला शिवशाही आली, तेव्हा निमआरामच्या आठवणीनं हळहळले. तिकिटाचं मशीन आलं तेव्हा ट्रेसाठी, आणि मोबाइलवरून पैसे घ्यायला लागले तेव्हा मशीनसाठी. त्यांना दोन मुलगे आहेत. धाकटा या विषयावर बोलत नाही.

ही जात आमच्या सांगलीलाही नवी नसावी. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ केलं. पुढं त्यांनी आणखी आख्यानं रचली, तेव्हा पहिल्या रांगेत कुणीतरी मांडी घालून बसलेला असणारच, आणि उठताना तो म्हणाला असणारच, की बरं आहे, पण सीतास्वयंवराची गोष्ट वेगळी.

सिनेमाच्या दुसऱ्या भागाला मात्र मामा पहिल्या दिवशी जातात. पंचनामा ताजा हवा. ‘दे धक्का’ आला २००८ ला, दुसरा भाग २०२२ ला, आणि त्यात ती मंडळी थेट लंडनला. मामांचं म्हणणं, "गाडी बंद पडली तर तिथं ढकलायला कोण उतरंल?" १९९३ च्या ‘झपाटलेला’चा दुसरा भाग वीस वर्षांनी, २०१३ ला, थ्रीडीत निघाला. मामांनी अर्ध्यातच चष्मा काढून खिशात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाहुला लई जवळ येतो रं. लक्ष्या येत न्हाय." लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन तेव्हा आठ वर्षं उलटली होती. त्या दिवशी अडकित्ता वाजला नाही.

पण या सगळ्या किरकोळ केसेस. मामांचा खरा खटला ‘नवरा माझा नवसाचा’चा. २००४ चा पहिला भाग म्हणजे त्यांच्या लेखी सिनेमा नव्हेच, खात्याचा गौरव. मुंबईहून गणपतीपुळ्याला निघालेली यष्टी, तिच्यात नवस फेडायला निघालेलं जोडपं, आणि कंडक्टर कोण, तर अशोक सराफ! त्या वर्षी अशोकमामा सत्तावन्नचे झाले. यष्टीत अठ्ठावन्नला घरी पाठवतात. "निवृत्तीला एक साल ऱ्हायलं असताना माणूस एवढी चोख ड्यूटी करतोय," हे मामा दर वेळी डोळ्यांत पाणी आणून सांगतात. सिनेमा टीव्हीवर लागला की गाडीतल्या सगळ्यांच्या वतीनं स्वतःच आधी हसून घेतात.

आणि २० सप्टेंबर २०२४ ला, गणपती बोळवून तीन दिवस झाले नाहीत तोवर, दुसरा भाग आला. सचिन तेच, सुप्रिया त्याच, गणपतीपुळं तेच. फक्त सगळे कोकण रेल्वेनं निघालेले आणि अशोकमामा झालेले टीसी.

मामा त्या सकाळी साताऱ्याहून कंदी पेढे घेऊन आले ते दुःखवट्याला आल्यासारखे. "खातं बदललं," एवढंच म्हणाले. मग चहा झाल्यावर, "सत्त्याहत्तराव्या वर्षी बदली? रेल्वे तर साठीला सोडती." मग जेवताना, "रेल्वे काय आत्ता आली? ९८ पासनं धावतीय. पहिल्या भागाला हुतीच की. तरी त्यांनी यष्टीच धरली हुती." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

थिएटरच्या दारात झडतीवाल्यानं अडकित्ता काढून घेतला. हत्यार म्हणे. "पहिल्या भागाला झडती न्हवती," मामा म्हणाले आणि रिकाम्या हातानं आत शिरले.

खरं सांगायचं, तर सिनेमा वाईट नव्हता. लोक हसत होते, मीही हसलो. तरी पहिल्यासारखा तो अंगावर का येत नाही, हे मला मामांच्या शेजारी बसून कळलं. यष्टीत सगळ्यांची तोंडं एकीकडं, एकाचं भांडण चव्वेचाळीस जणांचं होतं, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेतून पोट आवळत पुढं-मागं करणारा कंडक्टर सगळ्यांचा मालक. आगगाडी लांबलचक, माणसं पांगतात. कंडक्टरशी लोक सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालतात. टीसी आला की झोपेचं सोंग घेतात. विनोद हुज्जतीतून होतो, झोपेतून कसा व्हायचा?

हे सगळं मामांनी एका वाक्यात उरकलं. पडद्यावर गणपतीपुळ्याच्या बाता चालल्या होत्या आणि अंधारातून आवाज गेला, "रत्नागिरीला उतरून म्होरं पंचवीस किलोमीटर काय रूळ टाकल्यात? यष्टीच लागंल!" त्या खेळातला सगळ्यात मोठा हशा तोच. दोन रांगा मागून कुणी टाळीही दिली.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितलेली नाही. अशोकमामा टीसी होऊन पडद्यावर आले, तेव्हा मी तिरक्या नजरेनं पाहिलं. मामांचा उजवा हात मांडीवर होता. अंगठा आणि दोन बोटं नसलेला चिमटा दाबत होती. एक, एक, एक. सगळ्या डब्याची तिकिटं होईपर्यंत.

संध्याकाळी त्यांना सांगली स्टँडवर सोडायला गेलो. अडकित्ता परत मिळाला होता. पंच्याहत्तरी उलटल्यानं त्यांना यष्टी फुकट, पण शून्य रुपयांचं तिकीटही ते दोन्ही बाजूंनी वाचून खिशात ठेवतात. खिडकीत बसले तेव्हा मी धीर करून विचारलं, "मामा, खरं सांगा. आवडला की नाही?"

"आसं आत्ताच कसं सांगू?" मामा म्हणाले. "तिसरा काढू दे त्यांना, ईमानातला. मग म्हणू की, दुसरा बरा हुता."

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. कंडक्टर पोरगी अजून खाली उभी राहून फोनवर बोलत होती. मामांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि अडकित्ता दोनदा वाजवला.