न्यूयॉर्कची थकलेली घरपट्टी

अहो, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, बिबड्या उलटता उलटता सांगते. कोपऱ्यावरच्या काकू आल्या ना लेकीकडून, न्यूयॉर्कहून. काल हळदीकुंकवाला बसल्या सांगत, "लेकीनं आम्हाला लॉजवाल्यांच्या हॉलमध्ये नेलं." लॉज! विहीणबाईंचा चेहरा असा उतरला... हातातली डाळीची वाटी तशीच. आपल्या डोळ्यांपुढे स्टेशनासमोरचंच येणार की!

काकू मग घाईघाईनं, "तसलं नव्हे हो! फ्रीमेसन लोकांच्या शाखेला लॉज म्हणतात." तेच ते, दार लावून सभा भरवणारे. जुनी माणसं त्यांच्या हॉलला जादूघर म्हणायची. मुंबईत फोर्टात आहे की अजून त्यांचा हॉल. पारशी मंडळी फार त्यात. पारशी म्हटलं की मला बाई आपले फोटोग्राफर केकी मूसच आठवतात. ज्या माणसानं वर्षानुवर्षं घराचा उंबरा ओलांडला नाही, त्याच्याच घरात आता कोणीही तिऱ्हाईत चित्रं बघत हिंडतो!

तर काय सांगत होते... हां, काकू गेल्या तो हॉल श्राइनर्सचा. त्या फ्रीमेसनांतलेच, पण हौशी. लाल गोंडेदार तुर्की टोप्या, सगळे बाप्ये. 1924 साली 55व्या रस्त्यावर त्यांनी 'मक्का टेंपल' उघडलं, वर हा एवढा घुमट. काकांना वाटली मशीद. दारातच बूट काढायला वाकले म्हणे! काकू हे सांगत होत्या आणि काका ओटीवरून नुसते खाकरत होते.

पण थाट कसला टिकतो? 1929 ला शेअर बाजार कोसळला, पुढे टॅक्स थकला. घरपट्टीच म्हणा ना! गेली इमारत सिटीच्या ताब्यात. पाडायच्याच बेतात होती, पण महापौर ला गार्डिया आडवे आले. 1943 च्या डिसेंबरात तिथं लोकांसाठी थिएटर सुरू केलं, न्यूयॉर्क सिटी सेंटर. तिकीट मुद्दाम स्वस्त. उद्घाटनाला राष्ट्रगीत लागलं तेव्हा ऑर्केस्ट्रापुढे काठी हलवायला महापौर स्वतः! त्यांचा वाढदिवसच होता तो. नाच बसवणाऱ्या बॅलन्शीनचा बॅलेही 1948 पासून तिथलाच, 1964 ला लिंकन सेंटरला जाईपर्यंत. जो हॉल नुसत्या बाप्यांच्या मंडळाचा, तिथंच मग पोरी नाचल्या... मला तर फार आवडलं हे.

आणि गंमत ऐका. 'घरपट्टी' शब्द निघाला मात्र, ओटीवरच्या आप्पांनी पेपरात तोंड खुपसलं. तीन वर्षांची थकलीय म्हणे. माझं नाव नका हं सांगू. तुमची भरलीत ना हो?