चेहऱ्यावरून तर वाटत नाही!

चेझारे लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने १८७६ मध्ये ग्रंथच लिहून टाकला. अवाढव्य जबडा, लांब हात, विचित्र कान दिसले, की समजा जन्मजात गुन्हेगार! मापं घेतली ती मुख्यतः तुरुंगातल्यांची. न पकडल्या गेलेल्या गोऱ्यागोमट्या लबाडांना टेप लावायची राहूनच गेली.

आपल्याकडे ही विद्या ग्रंथाशिवाय चालते. अभिनेते निळू फुले घ्या. ‘सामना’तला (१९७५) साखरसम्राट, इतर कित्येक चित्रपटांतला बेरकी पाटील. खेड्यापाड्यांतल्या बाया त्यांना खरोखरच शिव्या घालायच्या. प्रत्यक्षात माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला वाहून घेतलेला. पुण्यात माळीकामही केलेलं. पण ती नजर पाहून त्यांना कुणी उसने शंभर रुपये तरी दिले असते का?

आणि देतो कुणाला? कपाळी गंध, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ‘या काका, चहा घ्या’ म्हणणारं मधाळ हसू दिसलं, की आयुष्यभराची पुंजी पतसंस्थेच्या काउंटरवर. पुढे कुलूप लागतं, तेव्हा म्हणायचं, ‘चेहऱ्यावरून तर वाटत नव्हतं हो!’ काका, पुढच्या खेपेला गंध राहू द्या, लेखापरीक्षणाचा अहवाल मागा.