जोर नक्को

गाडी बिघडली आहे हे सर्वांत शेवटी कळतं ते तिच्या मालकाला. आधी गल्लीतल्या पोरांना कळतं, मग पंपावर डिझेल भरणाऱ्याला, मग टोलनाक्यावर मागे उभ्या असलेल्या ट्रकवाल्याला. मालक मात्र ‘ती पहिल्यापासून असाच आवाज करते’ या श्रद्धेवर गाडी हाकत असतो. आमचे दाजी या पंथाचे. उमरग्याकडून कधी आलं, कधी भाजीपाला, कधी तुरीची पोती घेऊन त्यांची पिकअप हैदराबादकडे धावते आणि शेजारच्या सीटवर अधूनमधून मी असतो. पहाटे गाडी सुरू केली की बॉनेटखालून टक्‌-टक्‌-टक्‌ असा आवाज यायचा. दाजी म्हणायचे, “थंडी आहे. जरा कुरकुरणारच की ती.” आणि खरंच, डॉक्टरांसमोर बसताच ताप उतरावा तसा हुमनाबाद यायच्या आत तो आवाज गायब व्हायचा.

यात चमत्कार काही नाही. चार सिलेंडरांतून जळून निघालेला वायू एका जाड, ओतीव लोखंडाच्या नळकांड्यात गोळा होतो आणि तिथून टर्बो, सायलेन्सर करत मागच्या बाजूने बाहेर पडतो. हे नळकांडं म्हणजे मॅनिफोल्ड. ते इंजिनाच्या हेडला स्टड आणि नटांनी आवळलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये पातळ पॅकिंग असतं. कुठे केसाएवढी फट पडली की वायू तिथून फुसफुसतो आणि बाहेर टकटक ऐकू येते. इंजिन तापलं की लोखंड फुगतं, फट मिटते, आवाज थांबतो. दाजींचं निरीक्षण अचूक होतं. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष तेवढा त्यांच्या खिशाच्या सोयीचा होता.

एकदा मात्र हुमनाबाद मागे पडलं तरी आवाज थांबेना. केबिनमध्ये धुराचा वास यायला लागला, चढावर गाडी दमायला लागली. मन्नाएखेळ्ळीला दाजींनी ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि काच खाली करून म्हणाले, “आता ऐकू येतंय खरं.”

पुण्याहून निघून सोलापूर, उमरगा, हुमनाबाद करत हैदराबादला आणि तिथून पुढे मछलीपट्टणमच्या समुद्रापर्यंत जाणारा हा रस्ता. सरकारदप्तरी तो आता 65 नंबरचा झालाय. जुने ड्रायव्हर त्याला अजून नऊ नंबरच म्हणतात. मन्नाएखेळ्ळी त्याच्यावरचं बिदर जिल्ह्यातलं गाव. दक्षिणेला उतरलं की चिंचोली, म्हणजे कलबुर्गी जिल्हा. पूर्वेला सरकलं की जहिराबाद, म्हणजे तेलंगणा. 1956 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होता. मग भाषावार रेघा ओढल्या गेल्या : बिदर म्हैसूर राज्यात गेलं, उमरगा मुंबई राज्यात आणि जहिराबाद आंध्रात. गॅरेजवाल्यांनी त्या रेघा फारशा मनावर घेतलेल्या नाहीत. पोऱ्याला कन्नडमध्ये हाक, पार्टवाल्याशी फोनवर तेलुगूत घासाघीस, गिऱ्हाइकाशी दखनी आणि एमएच पासिंगची गाडी दिसली की मराठी, असा तिथला कारभार.

दुरुस्तीची विद्याही या पट्ट्याच्या अंगवळणी पडलेली. मागे बसवकल्याणला ट्रकांच्या बांधणीचं आणि दुरुस्तीचं ऑटोनगर. पुढे जहिराबादला महिंद्राचा कारखाना, जिथे ऐंशीच्या दशकात ऑल्विन-निस्सानच्या छोट्या मालगाड्या तयार होत. त्यामुळे या रस्त्यावर गाडी बंद पडली तर पाच मिनिटांत दहा जाणकार जमतात. मन्नाएखेळ्ळीतही जमले. बॉनेट उघडलं. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाशी काळी काजळी पसरलेली होती आणि तिथला स्टड नटासकट नाहीसा झालेला. अर्धा वाटेत कुठेतरी गळून पडलेला, उरलेला अर्धा हेडच्या पोटात. त्याच्या शेजारचा नट गंजून गोल झालेला.

जमलेल्यांचं एकमत झालं. “जोर लावा.” एकाने पान्याला लांब पाइप घालायला सांगितलं, दुसऱ्याने छिन्नी-हातोडा सुचवला, तिसऱ्याने हाताच्या बाह्या सरसावल्या. आपल्याकडे अडलेल्या कुठल्याही गोष्टीवर हा पहिला उपाय असतो. दार अडलं, जोर लावा. बाटलीचं झाकण फिरेना, जोर लावा. पोराचं गणित सुटेना, आवाजात जोर लावा.

गॅरेजचे उस्ताद तेवढ्यात आले. साठीच्या आसपासचे, बोटांच्या रेषांत कायमचं ऑइल. त्यांनी पाइप बाजूला ठेवला, बॅटरी मारून आत पाहिलं आणि दोनच शब्द बोलले, “जोर नक्को.”

जमाव हिरमुसला. उस्तादांनी गंज सुटण्याचा स्प्रे मारला, वरून थोडं डिझेल सोडलं आणि चहा मागवला. दाजींनी विचारलं, “आता काय करायचं?” उस्ताद म्हणाले, “बैठना.”

बसल्याबसल्या त्यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा. लोखंड गंजलं की त्याची जागा वाढते. मूळ लोखंडापेक्षा गंज जास्त जागा घेतो. भोकातल्या आट्यांमध्ये तो ठासून बसतो आणि स्टड जणू हेडशी एकजीव होतो. अशा वेळी पाना फिरवला तर आटे सुटत नाहीत, स्टडच पिळवटून तुटतो. वर राहिलेला तुकडा काढणं हे तासाभराचं काम. आत तुटलेला काढणं हे दिवसाचं. म्हणून पहिली दोन कामं तेलाची आणि वेळेची. त्यांच्यात माणसाने लुडबूड करायची नाही.

मग मुळात तो तुटला कसा? याचं उत्तर मला फार आवडलं. एक मीटर लोखंड दर शंभर अंशांना साधारण एक मिलिमीटर वाढतं. भरलेली पिकअप चढाला लागली की मॅनिफोल्ड पाचशे अंशांच्याही वर तापतो, म्हणजे अर्ध्या मीटरचं नळकांडं अडीच मिलिमीटरच्या आसपास लांबायला बघतं. हेडमधून मात्र पाणी फिरत असतं. ते शंभर अंशांच्या आगेमागेच राहतं आणि आपली जागा सोडत नाही. या ओढाताणीत सर्वांत जास्त सरकतं ते टोक, म्हणून तुटतो तो बहुधा टोकाचा स्टड. त्यातून मॅनिफोल्ड फार गच्च आवळलेला असेल तर आणखी पंचाईत. लांबायला जागा नाही म्हणून तापलेलं लोखंड स्वतःतच दबतं आणि थंड झालं की मूळ मापापेक्षा किंचित आखूड होतं. हे रोज घडतं. काही वर्षांनी त्याची भोकं स्टडांना जुळेनाशी होतात आणि सपाट तोंड बाक धरतं.

दाजी ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर त्यांच्या तीन भावांचं एकत्र कुटुंब तरळून गेलं असावं, पण ते काही बोलले नाहीत.

आणखी एक गुन्हेगार उस्तादांनी गाडीखाली शिरून शोधला. सायलेन्सर टांगून धरणारं रबर केव्हाच तुटलेलं होतं आणि तिथे दाजींनी मोठ्या अभिमानाने तार बांधलेली होती. तार सैल पडली, सायलेन्सरचा भार पुढे मॅनिफोल्डवर आला आणि प्रत्येक खड्ड्यागणिक त्या बिचाऱ्या स्टडला झटका बसत राहिला. अख्ख्या रामायणातला सर्वांत स्वस्त पार्ट तो. दाजी म्हणाले, “तार चांगल्यातली होती.”

माल दुसऱ्या टेंपोत भरून पुढे पाठवला आणि आम्ही मुक्काम केला. सकाळी उस्तादांनी गोल झालेल्या नटाभोवती गॅसची ज्योत फिरवली आणि तापलेल्या आट्यांना मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. नट थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे, पुन्हा उजवीकडे असं करत त्यांनी तो उतरवला. जोर म्हणाल तर दोन बोटांचा. मग मॅनिफोल्ड उतरवला. तुटलेल्या स्टडचं टोक हेडच्या पातळीत होतं. त्याच्यावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग केलं. यात दोन कामं साधतात : पाना धरायला नवं डोकं मिळतं आणि वेल्डिंगच्या आचेने फुगलेला स्टड निवताना आकसतो, तेव्हा गंजाची पकड मोडते. त्यांनी तो पुरता निवू दिला आणि मग पाना लावला. कर्र असा आवाज झाला आणि जमावाने श्वास सोडला.

आणखी एक तुकडा आत खोल सापडला. कुणा आधीच्या जोरदार माणसाची कृपा. तिथे वेल्डिंग पोचेना. मग नेमका मधोमध पंच, आधी बारीक ड्रिल, मग जरा मोठं. उलट्या आट्यांचं एक हत्यार असतं, इझी आउट. ते त्या भोकात फिरवून तुकडा बाहेर काढायचा. पण ते फार कडक पोलादाचं असतं, म्हणून ठिसूळही. आत मोडलं तर साध्या ड्रिललाही दाद देत नाही. उस्ताद ते फिरवताना गॅरेजमधला रेडिओसुद्धा बंद करतात. हातात बसणाऱ्या झटक्याची भाषा ऐकू यावी लागते, असं त्यांचं म्हणणं. तुकडा निघाला. आटे थोडे खराब झाले होते, ते टॅप फिरवून साफ केले.

तोवर मापांचा गमतीशीर कारभारही बघायला मिळाला. आठच्या बोल्टला तेरा नंबरचा पाना आणि दहाच्या बोल्टला सतरा नंबरचा, कारण बोल्ट अंगाने मोजतात आणि पाना त्याच्या डोक्याने. उस्तादांच्या वयाची माणसं याच्या जोडीला सूतही वापरतात : आठ सुतांचा एक इंच. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये आट्यांची प्रमाणित मापं मांडली, म्हणून एका गावचा नट दुसऱ्या गावच्या बोल्टला बसू लागला. त्याआधी ज्याचा नट त्यालाच ठाऊक होता.

लेथवर मॅनिफोल्डच्या तोंडावर स्टीलची पट्टी उभी धरून मागून बॅटरी मारली. मधोमध उजेडाची चंद्रकोर दिसली. फेसिंग करून ती काढली. मग उस्तादांनी टोकाची भोकं कानशीने किंचित लांबट केली, मधली मात्र तशीच ठेवली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “फैलने कू जगा होना ना.” मधे धरून ठेवायचं आणि टोकाला सरकू द्यायचं, एवढीच त्यातली युक्ती. माझा पांढरा शर्ट एव्हाना काळा झाला होता. बिदरच्या बिदरी कारागिरांना जस्त-तांब्याच्या भांड्यावर तो काळा रंग आणायला किल्ल्यातली खास माती लागते. आम्हाला मॅनिफोल्डने तो फुकट दिला.

जोडणीतही घाई नाही. नवे स्टड, त्यांच्यावर तांब्याचं ग्रीस, नवं पॅकिंग, पितळी नट, कारण पितळ गंजून चिकटत नाही. आवळायचं ते मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्याने. शेवटच्या फेरीत बघ्यांपैकी एकाला राहवेना. “अजून अर्धा फेरा मारा की उस्ताद!” उस्तादांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडी तापवली, पुरती थंड होऊ दिली, पुन्हा पाना लावून तपासलं आणि सायलेन्सरला नवं रबर घातलं. दाजींची तार गुंडाळून त्यांच्या हातात परत दिली.

बाराव्या शतकात इथून जवळच कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांच्या भोवती जमलेल्या शरणांनी अंगमेहनतीलाच पूजेचा मान दिला. कायक म्हणतात ते हेच. त्यांच्यात मडिवाळ माचय्या परीट होते, अंबिगर चौडय्या नावाडी. तेव्हा पिकअप असती तर आमच्या उस्तादांनाही शरणांच्या सभेत, अनुभव मंटपात, जागा मिळाली असती. फार तर हात पुसून या म्हणाले असते.

बिल देताना दाजी अडले. “वेल्डिंगचं ठीक, लेथचं ठीक. पण मजुरी एवढी कशी? कालचा अर्धा दिवस तर आपण चहा पीत बसलो होतो!” उस्ताद हसले. “वहीच तो मजुरी है.”

दाजींनी घासाघीस न करता पैसे दिले, ही आमच्या घराण्याच्या इतिहासात नोंद करण्याजोगी गोष्ट आहे. दोन तासांत बोल्ट मोडून देणारे कुठेही सापडतात. तो न मोडता काढणाऱ्याला वाट बघावी लागते आणि वाट बघायला हातोडा मारण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. तेव्हा गॅरेजमध्ये एखादा मेस्त्री तुमच्या गाडीशेजारी नुसता बसलेला दिसला, तर त्याला घाई करू नका आणि त्याच्या बसण्याचे पैसे कापू नका. तुमचा बोल्ट त्याच वेळी सुटत असतो.