ताटातली एकपक्षीय राजवट

सात दिवस फक्त केळी खा, नाहीतर फक्त कोबीचं सूप प्या आणि वजन उतरवा, हा सल्ला खोटा असता तर बरं झालं असतं. अडचण ही की वजन खरंच उतरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ख्रिस व्हॉइट यांनी २०१० साली ६० दिवस रोज २० बटाटे खाल्ले आणि साडेनऊ किलो घटवले. (हे गृहस्थ तिथल्या बटाटा आयोगाचे प्रमुख होते, तेव्हा वांग्याकडून फारशी अपेक्षा नव्हतीच.) बटाट्याची आरती ओवाळावी, तर त्याच वर्षी कॅन्ससमधले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी दहा आठवडे मुख्यतः क्रीमचे पाकीटबंद केक आणि बिस्किटं खाऊन सुमारे १२ किलो उतरवले. दिवसाला १८०० कॅलरींच्या आत राहायचं, हे मात्र त्यांनी पाळलं. म्हणजे बटाट्याला सात्त्विक ठरवायचं, तर केकलाही नैवेद्याच्या पानात जागा द्यावी लागेल.

श्रेय पदार्थाचं नाहीच. ते कंटाळ्याचं आहे. पहिल्या दिवशी हौसेने सोललेलं केळं तिसऱ्या संध्याकाळी, सालीवर काळे ठिपके येऊन, फळीवर तसंच पडून असतं. जीभ विटते, पोटात कमी जातं, काटा खाली येतो. त्यातही सुरुवातीचा किलो-दोन किलोचा आनंद बराचसा पाण्याचा असतो, कारण शरीरातल्या एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर, साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं आणि साठा संपला की तेही जातं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिनं लागतात. ती केळ्यांतून मिळवायची तर चाळीसेक केळी, म्हणजे चार हजार कॅलरी! तेवढी कोणी खात नाही, म्हणून शरीर आपलेच स्नायू मोडून खातं, आणि काट्यावर तेही यशातच जमा होतं.

यावर ठरलेलं उत्तर असं की आपले आजे-पणजे नुसत्या भाकरीवर जगले. नुसत्या? तिच्याबरोबर पिठलं, कांदा, ठेचा, अंबाडीची भाजी, ताक होतं. ज्यांच्या नशिबी खरंच जवळजवळ एकच धान्य आलं, त्यांची हकीकत वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या तांदळाने बेरीबेरी हा रोग होतो, याचा धागा जावा बेटावर कोंबड्यांमुळे डच डॉक्टर आइकमान यांच्या हाती लागला आणि १९२९ साली त्यांना नोबेल मिळालं. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांना होणाऱ्या पेलाग्रा या रोगाचा अभ्यास हैदराबादेत पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी केला. त्या लोकांना हा आहार कोणी पैसे घेऊन लिहून दिला नव्हता.

‘सातच दिवस तर आहेत, काय बिघडतं?’ धडधाकट माणसाचं फारसं नाही बिघडत, हे मान्य. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना न विचारता हा खेळ केला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बाकीच्यांचा आठवा दिवस बहुधा कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत उजाडतो. पाणी परत, मागोमाग चरबी परत. मग सल्लागाराकडे गेलं की चूक केळ्याची निघते, आणि पुढचा आठवडा पपईचा ठरतो.