एका बेसनाची पाच सोंगं

शरद ऋतूत काय करू नये याची यादी चरकाने देऊन ठेवली आहे. उन्हात फिरू नये, तेल खाऊ नये, क्षार खाऊ नयेत, दही खाऊ नये, दिवसा झोपू नये. अश्विनातल्या दुपारी ही यादी अकोल्याच्या माणसाला वाचून दाखवली तर तो शांतपणे ऐकून घेईल. कारण तो नुकताच उन्हातून घरी आलेला असतो, तर्रीवाली पाटोडी जेवून झालेली असते, वर वाटीभर दही गेलेलं असतं आणि आता त्याचा डोळा लागत असतो. चरकाचं एकच म्हणणं आम्ही वऱ्हाडी मनापासून पाळतो. शरदातल्या संध्याकाळी चांदणं अंगावर घ्यावं, असं त्याने लिहिलं आहे. चांदणं फुकट आहे, त्यामुळे मतभेदाला जागाच उरत नाही.

अश्विन हा आमच्याकडे शिवार भरलेलं आणि खिसा रिकामा असण्याचा महिना. सोयाबीन कापून गंजी लावलेली असते, पण मळणीयंत्राचा नंबर लागायचा असतो. तोवर आभाळाकडे बघायचं नाही असं ठरवून सगळे आभाळाकडेच बघत असतात. पऱ्हाटीची बोंडं फुटायला लागतात, बायका वावरात दहीभात नेऊन सीतादही करून येतात, पण पहिल्या वेच्याचा कापूस विकून पैसे हाती पडेपर्यंत दिवाळी दारात उभी राहते. गेल्या सालची तुरीची डाळ डब्याच्या तळाला गेलेली, नवी तूर अजून फुलावरही धड आलेली नाही. आणि नेमक्या याच दिवसांत भुलाबाई, नवरात्र, दसरा, कोजागिरी, आठवी अशी सणांची रांग लागते. ज्याने कोणी हे सण असे लावले त्याला शेतकऱ्याच्या खिशाची एकतर काहीच माहिती नसावी, नाहीतर फार चांगली असावी. मला दुसरी शक्यता खरी वाटते. स्वस्तातलं जेवण महिनाभर आनंदाने खायचं तर नुसती चव पुरत नाही, थोडं नाटक लागतं.

या नाटकातला मुख्य नट म्हणजे बेसन. गावोगाव फिरणाऱ्या गरीब नाटक मंडळीत एकच माणूस पहिल्या अंकात राजा होतो, दुसऱ्यात शिपाई होतो आणि वेळ आली तर मिशा काढून राणीही होतो. वऱ्हाडी घरात बेसनाचं तेच आहे.

त्याचं पहिलं सोंग अगदी बिनमेकअपचं, म्हणजे चून. वाटीभर पीठ, तीनएक वाट्या पाणी. फल्लीतेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कांदा. मग हळद, मग पाणी. पाण्याला उकळी फुटली की कालवलेलं पीठ ओतायचं आणि गुठळी होऊ नये म्हणून हात चालू ठेवायचा. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला की झालं. वेळीअवेळी आलेल्या पाहुण्याला घरची बाई म्हणते, "बसा नं भाऊ, बेसन टाकतो लगेच." आणि पाहुण्याचे हातपाय धुऊन होईस्तोवर खरंच ताट येतं. सोबत भाकर, फोडलेला कांदा, ठेचा. 'काहीच केलं नाही हो' असं यजमानीण म्हणते आणि 'हेच तर पाहिजे होतं' असं पाहुणा म्हणतो. दोघंही पाठ केलेली वाक्यं म्हणत असतात, पण त्यातलं पाहुण्याचं वाक्य खरं असतं.

दुसरं सोंग पाटोडीचं. तेच पीठ जरा घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, वर खोबऱ्याचा कीस भुरभुरायचा आणि सुरीने तिरके काप करायचे. सुरी फिरली की बेसनाचा दर्जा वाढतो. आता त्याला रस्सा लागतो, रश्शाला भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं लागतं, रश्शावर लाल तर्री लागते. जेवायला बोलावताना 'बेसन आहे' म्हटलं तर लोक शेजारच्या गल्लीतून येतात. 'पाटोडी आहे' म्हटलं तर अमरावतीहून बडनेऱ्याला येतात.

तिसरं सोंग गोळाभाताचं. इथे हरभऱ्याच्या डाळीचा जाडसर भरडा लागतो. त्यात तिखट, मीठ, हळद, हिंग आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून गोळे वळायचे आणि अर्धवट शिजलेल्या भातात ठेवून वाफ आणायची. जेवताना गोळा भातात कुस्करायचा आणि वर हिंग-मोहरीची गरम फोडणी घ्यायची. या पदार्थाला पाककौशल्यापेक्षा हिशोब जास्त लागतो. गोळे माणशी दोन असतात आणि ते किती केलेत हे घरातल्या पोरांना पातेल्याचं झाकण उघडण्याआधी माहीत असतं. चौथं सोंग कढी. तिथे बेसन ताकात विरघळून दिसेनासंच होतं. पण ताक फुटू न देण्याचं काम तेच करत असतं.

सरकारलाही एकदा या नटाची भुरळ पडली होती. १९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं आणि एका रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली. वऱ्हाडी माणसाला याचं थोडं हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला. जे आपण पाहुण्याला देताना 'काहीच केलं नाही' म्हणतो, ते आता योजना म्हणून मिळणार होतं! योजना टिकली नाही. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, तिच्यात चपाती, भाजी, वरण आणि भात. बेसनाला बोलावणं नव्हतं. ते काही रुसलं नाही. त्याला घरोघरी कामं भरपूर होती.

बेसनाशिवायही अश्विन निभतो. सकाळी उकडपेंडी असते. कणीक तेलावर खमंग भाजायची, कांदा-मिरचीची फोडणी, ताकाचा किंवा पाण्याचा हबका आणि झाकण. पोहे संपल्याचं घरात कळूही न देणारा हा नाश्ता आहे. दुपारी अंबाडीची भाजी. तिची आंबट पानं उकडायची, पाणी पिळून टाकायचं, ज्वारीच्या कण्या आणि मूठभर डाळीबरोबर शिजवायची आणि वाढताना मधे खळगा करून त्यात लसणाची लाल फोडणी ओतायची. त्या खळग्यावरून भावंडांत झालेली भांडणं पुढे वाटणीच्या वेळीही निघतात.

पण नाटक खरं रंगतं ते भुलाबाईच्या खिरापतीत. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई आणि भुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर, मातीच्या मूर्तींच्या रूपाने घरी येतात आणि कोजागिरीपर्यंत राहतात. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी एकेका घरी जमून टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची बाई झाकण घट्ट लावलेला डबा बाहेर आणते आणि खिरापत ओळखायला सांगते. डबा हलवून दाखवला जातो. खुळखुळ वाजलं तर फुटाणे किंवा दाणे. सळसळ झाली तर मुरमुरे. काहीच वाजलं नाही तर गंभीर प्रकरण: शिरा, वाटली डाळ, नाहीतर पोळीचा कुस्करा. मग उलटतपासणी सुरू होते. गोड की तिखट? पांढरं की पिवळं? चुलीवरचं की बाजारातलं? हुशार बाई डब्यात दाणे टाकून त्यात पेरूची फोड दडपते, म्हणजे आवाजाने दिशाभूल होते. ओळखता आलं नाही तर पोरी हरतात आणि हरूनही त्यांना खायला मिळतंच, हा या स्पर्धेचा सगळ्यात चांगला नियम.

आता यात खर्च काय? मूठभर फुटाणे. तेच फुटाणे दुपारी वाटीत घालून समोर ठेवले असते तर पोरींनी 'हे नको, दुसरं काय आहे?' म्हणून विचारलं असतं. झाकण लावलं, गाणी झाली, दहा जणींनी डोकं चालवलं, आणि त्याच फुटाण्यांसाठी हात पुढे आले. कोजागिरीला तर काही घरांत तीसच्या वर खिरापती होतात. आकडा ऐकून छाती दडपते, पण यादी पाहिली तर साखर, खोबरं, गूळ, लाही, काकडी, केळं असे घरातलेच पाहुणे निघतात. त्या रात्री भुलाबाईला ज्वारीच्या पाच धांड्यांचं मखर करतात. दूध आटवून चांदण्यात ठेवतात. केशर परवडलं नाही तरी बिघडत नाही, दुधात चंद्र पडला की पुरे, असं म्हणायची सोय त्या रात्रीने करून ठेवली आहे.

फक्त ती धांडी मिळवायची पंचाईत झाली आहे. ज्वारी मागे सरली आणि शिवारात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन आणि पऱ्हाटी. दोन्ही पिकं आपण घेतो, विकतो आणि मग तेलाच्या पिशवीतून विकत घरी आणतो. धांड्यांची जुडी बाजारात पैसे मोजून घ्यावी लागते. भाकरीचंही तसंच. पोळी सणाची आणि भाकर रोजची, हा जुना हिशोब उलटला. बाजारात ज्वारी बरेचदा गव्हाला भावात मागे टाकते, आणि ढाब्यावर भाकर मागितली की वाढपी आपल्याकडे आदराने बघतो. कोजागिरीनंतर आठव्या दिवशी येणारी आठवी तेवढी जुन्याच पदार्थांवर भागते: ताकात भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाची आंबील, आणि लाल कोहळं गुळात शिजवून कणकेत कालवून तळलेली बोंडं.

याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या एका माणसाला मात्र यातलं कुठलंच नाटक लागलं नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, गाव झाडत आणि मग मिळेल ती भाकर गाडग्याच्या खापरात घेऊन खात. ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असं ते सांगत. लोक कीर्तनाला हजारोंनी बसत, डोळे पुसत, पोरांची नावंही शाळेत घालत. पण ताट कुणी फारसं विकलं नसावं. आपण सामान्य माणसं. आपल्याला भाकर हातावर नको, ताटात पाहिजे. तिच्या बाजूला ठेचा पाहिजे, आणि डब्याला झाकण पाहिजे. यात लबाडी नाही. खिशात काही नसताना घरातल्यांना 'आज काय आहे?' असं उत्सुकतेने विचारायला लावणं, हे चूल सांभाळणाऱ्या बाईने पिढ्यान्‌पिढ्या केलेलं काम आहे. त्याचा हिशोब कुठल्या वहीत नाही.

मग दिवाळी येते. सोयाबीनचे पैसे आलेले असतात, निदान येतील असं व्यापाऱ्याने सांगितलेलं असतं. घरात तुपाचा वास सुटतो, आणि बेसन पाचव्या सोंगात रंगमंचावर येतं. या वेळी राजाची भूमिका: तुपात भाजलेलं, पिठीसाखर ल्यालेलं, डोक्यावर बेदाणा. शेवेत तेच, चकलीच्या भाजणीत हरभऱ्याची डाळ होऊन तेच. चार दिवस राजाचा जयजयकार चालतो. पाचव्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यासमोर फराळाचं ताट येतं. तो लाडवाकडे बघतो, चकलीकडे बघतो, पोटावर हात ठेवतो आणि आत बघून म्हणतो, "वयनी, हे राहू द्या नं. त्यापेक्षा थोडं बेसन टाका."